वाचकांचे प्रश्न : उत्प्रेरकी चक्राचा वेग कोणत्या टप्प्याच्या हाती असतो?

उत्प्रेरक, म्हणजे स्वतः खर्च न होता अभिक्रिया जलद करणारा पदार्थ, टप्प्याटप्प्यांचे एक चक्र पुन्हा पुन्हा पूर्ण करतो. अशा अभिक्रियेत वेगनियंत्रक टप्पा कसा ओळखावा, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिले उत्तर लांबले आहे, कारण पुढची बहुतेक उत्तरे त्याच्याच आधारावर उभी आहेत.

प्रश्न : अनेक टप्प्यांच्या अभिक्रियेत सर्वांत सावकाश टप्पा एकूण वेग ठरवतो, असे आम्हांला पदव्युत्तर वर्गात शिकवले जाते. परंतु स्थिर अवस्थेत चक्रातला प्रत्येक टप्पा सारख्याच वेगाने पुढे सरकत असला पाहिजे, नाहीतर मध्ये कुठेतरी पदार्थ साचत जाईल. मग ‘सर्वांत सावकाश’ याचा नेमका अर्थ काय?

उत्तर : तुमची शंका रास्त आहे, आणि ज्या वाक्याबद्दल ती आहे ते वाक्य जितके सोपे आहे तितकेच दिशाभूल करणारे आहे. चक्र स्थिर अवस्थेत फिरत असताना, एकामागून एक येणाऱ्या टप्प्यांचा निव्वळ वेग, म्हणजे पुढे जाणाऱ्या वेगातून मागे फिरणारा वेग वजा केल्यावर जो उरतो तो, सर्वत्र सारखा असतो. फरक पडतो तो एका चक्रात एखादा टप्पा किती वेळा घडतो एवढ्यापुरताच. लोखंडाच्या उत्प्रेरकावर अमोनिया तयार होताना नायट्रोजनचा रेणू एकदा तुटतो, पण त्यातून सुटलेल्या दोन अणूंना हायड्रोजन जोडण्याचा प्रत्येक टप्पा दोनदा घडावा लागतो. म्हणून त्या टप्प्यांचा निव्वळ वेग दुप्पट दिसतो, आणि तरीही ते ‘जलद’ म्हणून दुप्पट नसतात. जपानी रसायनशास्त्रज्ञ जुरो होरिउती यांनी एका चक्रात टप्पा किती वेळा घडतो याच संख्येचा उपयोग नियंत्रक टप्पा ओळखण्यासाठी करता येतो हे दाखवले.

टप्प्यांमधला खरा भेद निव्वळ वेगात नसून दोन्ही दिशांच्या ये-जा करण्यात असतो. एखाद्या टप्प्यातून हजार रेणू पुढे जात असतील आणि नऊशे नव्वद परत येत असतील, तर तो टप्पा जवळजवळ समतोलात आहे. त्याचा वेग स्थिरांक, म्हणजे ठरावीक संहतीला तो टप्पा किती जलद घडतो हे सांगणारा आकडा, दोन्ही दिशांनी दुप्पट केला, तरी एकूण वेगाला त्याची फारशी जाणीव होणार नाही. ज्या टप्प्यातून केवळ अकरा रेणू पुढे जातात आणि एकच मागे फिरतो, तेथे मात्र निव्वळ वेग तोच, म्हणजे दहा, असला तरी परिस्थिती अगदी वेगळी आहे. तथापि, मागे न फिरणारा प्रत्येक टप्पा नियंत्रक असतो असे समजू नये. नियंत्रक टप्प्याच्या पुढचा एखादा टप्पा पूर्णपणे एकेरी असूनही वेगावर त्याचा काहीही प्रभाव नसू शकतो.

म्हणून ‘सर्वांत सावकाश टप्पा कोणता’ असे विचारण्याऐवजी ‘कोणत्या टप्प्याला थोडा धक्का दिला असता एकूण वेग हलतो’ असे विचारावे. ही कसोटी चार्ल्स कॅम्पबेल यांनी १९९४ मध्ये ‘वेगनियंत्रणाची मात्रा’ या राशीच्या रूपाने मांडली. एका टप्प्याचे पुढचे आणि मागचे, असे दोन्ही वेग स्थिरांक सारख्याच प्रमाणात, समजा एक टक्क्याने, वाढवावेत, जेणेकरून त्यांचे गुणोत्तर, म्हणजे त्या टप्प्याचा समतोल स्थिरांक, बदलणार नाही. बाकीचे टप्पे आहेत तसेच ठेवावेत. आणि एकूण वेग किती टक्क्यांनी वाढतो ते पाहावे. तो एक टक्क्याने वाढला तर त्या टप्प्याची मात्रा १, अर्ध्या टक्क्याने वाढला तर ०.५, आणि जागचा हलला नाही तर शून्य. एकाच एकूण अभिक्रियेकडे जाणाऱ्या साध्या चक्रात सर्व टप्प्यांच्या मात्रांची बेरीज १ येते.

एक लहानसे उदाहरण कागदावर करून पाहण्याचा मी तुम्हांला आग्रह करतो. उत्प्रेरकाच्या रिकाम्या जागेवर अभिक्रियाकारक येऊन बसतो, हा पहिला टप्पा. बसलेल्या रेणूचे उत्पादितात रूपांतर होऊन जागा पुन्हा मोकळी होते, हा दुसरा. दोन्ही एकेरी आहेत असे धरू. मोकळ्या जागेवर रेणू येऊन बसण्याचा दर सेकंदाला ३० आणि बसलेल्या रेणूचे रूपांतर होण्याचा दर सेकंदाला १० असेल, तर एका जागेमागे एकूण वेग दोन्ही दरांच्या गुणाकाराला बेरजेने भागून मिळतो : ३०० भागिले ४०, म्हणजे सेकंदाला ७.५. आता दुसऱ्या टप्प्याचा दर १० वरून ११ करा. एकूण वेग सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. त्याऐवजी पहिल्याचा दर ३० वरून ३३ करा. वाढ जेमतेम २ टक्क्यांची होते. दुसऱ्या टप्प्याची मात्रा ०.७५ आणि पहिल्याची ०.२५ आहे. दुसरा टप्पा सावकाश आहे हे खरे, पण वेगाचे सगळे नियंत्रण त्याच्याकडे नाही, आणि ‘नियंत्रक टप्पा एकच असतो’ हे गृहीतक येथेच कोलमडते.

आता अभिक्रियाकारकाची संहती दहा पटींनी कमी करा. पहिल्या टप्प्याचा दर ३० वरून ३ वर येतो, एकूण वेग सुमारे २.३ होतो, आणि पहिल्या टप्प्याची मात्रा ०.७७ पर्यंत चढते. उत्प्रेरक तोच, यंत्रणा तीच, दोन्ही वेग स्थिरांक तेच. तरीही नियंत्रण एका टप्प्याकडून दुसऱ्याकडे गेले. संहती, दाब किंवा तापमान न सांगता ‘या अभिक्रियेचा वेगनियंत्रक टप्पा अमुक आहे’ असे केलेले विधान म्हणूनच अपुरे असते, आणि संशोधन लेखांत अशी विधाने सर्रास आढळतात याची मला खंत वाटते.

प्रश्न : आमच्या अभिक्रियेचा वेग एका अभिक्रियाकारकाच्या संहतीवर मुळीच अवलंबून नाही. तो अभिक्रियाकारक नियंत्रक टप्प्यात भाग घेत नाही, असा निष्कर्ष काढता येईल का?

उत्तर : तडकाफडकी काढू नये. वेग संहतीच्या ज्या घाताच्या प्रमाणात बदलतो त्या घाताला अभिक्रियेची कोटी म्हणतात, आणि तुमच्या बाबतीत ती शून्य आहे. शून्य कोटीचे दोन अगदी निरनिराळे अर्थ संभवतात. एक, तो अभिक्रियाकारक नियंत्रक टप्पा पार पडल्यानंतर चक्रात शिरतो. दोन, तो आधीच उत्प्रेरकाला इतका घट्ट चिकटून बसला आहे की उत्प्रेरकाची जवळजवळ सर्व केंद्रे त्याने व्यापली आहेत, आणि त्याची संहती आणखी वाढवून काही साधत नाही. दुसऱ्या परिस्थितीत तो नियंत्रक टप्प्यात प्रत्यक्ष भाग घेत असू शकतो. संपृक्त अवस्थेतील विकरांबाबत, म्हणजे सजीवांतील उत्प्रेरकांबाबत, नेमके हेच घडते. या दोहोंतील निवड करण्यासाठी अभिक्रिया चालू असताना उत्प्रेरक बहुतांशी कोणत्या रूपात आहे हे पाहावे लागते.

मिथेनॉल आणि कार्बन मोनॉक्साइड यांपासून ॲसेटिक आम्ल बनवण्याची ऱ्होडियमवर आधारलेली पद्धत हे यातले सर्वांत सुबोध उदाहरण आहे. तेथे वेग ऱ्होडियम आणि मिथिल आयोडाइड या दोहोंच्या संहतींच्या प्रमाणात वाढतो. मिथेनॉल आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्या बाबतीत तो शून्य कोटीचा असतो. अभिक्रिया चालू असताना घेतलेल्या अवरक्त वर्णपटात दोन कार्बोनिल आणि दोन आयोडाइड गट असलेला ऱ्होडियमचा ऋण आयनच प्रामुख्याने दिसतो, आणि त्याला मिथिलचा मागमूस नसतो. या दोन निरीक्षणांची सांगड एकाच प्रकारे बसते : ऋण आयन मिथिल आयोडाइडची वाट पाहत असतो, त्याच्याशी होणारी संयोग अभिक्रिया वेग ठरवते, आणि त्यानंतरचे सर्व टप्पे झपाट्याने उरकतात.

ऱ्होडियमच्या जागी त्याच गटातील इरिडियम घेतले की चित्र पालटते, आणि हा भाग मला फार मोलाचा वाटतो. इरिडियमवर मिथिल आयोडाइडची संयोग अभिक्रिया शंभराहून अधिक पटींनी जलद होते, म्हणून वाट पाहत बसलेला पदार्थ आता मिथिल गट आधीच स्वीकारलेला असतो. अडथळा पुढे सरकतो : धातूवरील मिथिल गट कार्बोनिल गटावर जाण्यापूर्वी एक आयोडाइड आयन बाहेर पडून त्याच्या जागी कार्बन मोनॉक्साइड यावा लागतो. परिणामी द्रावणातील मुक्त आयोडाइड आयन वेग मंदावतात, आणि आयोडाइड आपल्याकडे ओढून घेणारी रुथेनियमची संयुगे मिसळली की वेग वाढतो. १९९६ मध्ये जाहीर झालेली औद्योगिक पद्धत याच रसायनावर उभी आहे. नियंत्रण कोठे आहे हे ठाऊक नसते, तर मिथिल आयोडाइड वाढवण्यातच सगळा प्रयत्न खर्ची पडला असता.

कोटी ऋण असेल तर आणखी सावध राहावे. प्लॅटिनमवर कार्बन मोनॉक्साइडचे ऑक्सिडीकरण कमी तापमानाला कसे होते हे अर्विंग लँगम्यूर यांनी १९२२ मध्ये मांडले : वेग ऑक्सिजनच्या दाबाच्या सम प्रमाणात आणि कार्बन मोनॉक्साइडच्या दाबाच्या व्यस्त प्रमाणात असतो. पृष्ठभाग कार्बन मोनॉक्साइडने झाकलेला असतो आणि ऑक्सिजनला उतरायला जागा सापडत नाही. येथे मोजलेली सक्रियण ऊर्जा, म्हणजे तापमानानुसार वेग कसा बदलतो त्यावरून काढलेला ऊर्जेचा अडथळा, कार्बन मोनॉक्साइड पृष्ठभागावरून सुटण्याच्या ऊर्जेच्या जवळपास येते, आणि त्यावरून ‘कार्बन मोनॉक्साइड सुटणे हाच वेगनियंत्रक टप्पा’ असे अनेकदा लिहिले जाते. ते चूक आहे. कार्बन मोनॉक्साइडचे बसणे आणि सुटणे जवळजवळ समतोलात असते. नियंत्रण ऑक्सिजनच्या अधिशोषणाकडे, म्हणजे पृष्ठभागावर येऊन बसण्याकडे, असते. परंतु त्यासाठी लागणाऱ्या मोकळ्या जागा किती असतील हे कार्बन मोनॉक्साइड किती घट्ट बसला आहे त्यावर ठरते, म्हणून ती ऊर्जा मोजमापात उतरते. वेगावर केवळ संक्रमण अवस्थांचेच (टप्प्याच्या वाटेवरील सर्वाधिक ऊर्जेच्या स्थितींचेच) नव्हे, तर साचून राहिलेल्या मध्यस्थ पदार्थांच्या (दोन टप्प्यांच्या मध्ये तयार होणाऱ्या पदार्थांच्या) स्थैर्याचेही नियंत्रण असते. कॅम्पबेल यांच्या कल्पनेचा पुढे याच दिशेने विस्तार झाला.

प्रश्न : उत्प्रेरकाच्या गोळ्या बारीक कुटून वापरल्या की आमचा वेग वाढतो. यावरून नियंत्रक टप्प्याबद्दल काय समजावे?

उत्तर : इतकेच, की तुम्ही अजून रासायनिक टप्प्यापर्यंत पोहोचलेलाच नाही. गोळीच्या सूक्ष्मरंध्रांतून रेणू आत विसरित होण्यास जो वेळ लागतो तो वेगावर हावी झाला आहे. ही अवस्था फसवी असते, कारण तीव्र विसरण नियंत्रणाखाली मोजलेली सक्रियण ऊर्जा खऱ्या मूल्याच्या सुमारे निम्मी येते आणि दुसऱ्या कोटीची अभिक्रिया दीड कोटीची भासते. आकडे नीटनेटके दिसतात, पण ते रसायनाचे नसतात. कण आणखी बारीक केल्याने वेग बदलेनासा झाला, ढवळण्याचा किंवा वायुप्रवाहाचा वेग वाढवूनही तो तसाच राहिला, आणि सक्रिय धातूचे प्रमाण निम्मे केल्यावर, धातूच्या कणांचा आकार तोच असताना, प्रत्येक सक्रिय केंद्रामागचा वेग कायम राहिला, तरच पुढच्या विश्लेषणाला हात घालावा.

प्रश्न : आमच्या अभिक्रियेत कार्बन–हायड्रोजन बंध तुटतो. हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम घेतल्यावर वेगात काहीच फरक पडला नाही. म्हणजे हा बंध तुटण्याचा टप्पा नियंत्रक नाही, हे सिद्ध झाले ना?

उत्तर : तो नियंत्रक असण्याची शक्यता पुष्कळ कमी झाली, असे म्हणू या. ड्युटेरियम हा हायड्रोजनचाच जड समस्थानिक आहे. त्याच्या बंधाची शून्यबिंदू ऊर्जा, म्हणजे कंपनाची किमान ऊर्जा, कमी असते, त्यामुळे तो तोडण्यास अधिक ऊर्जा लागते. खोलीच्या तापमानाला, बंध तुटणे हेच पूर्णपणे नियंत्रक असेल तर, वेगांचे गुणोत्तर (हायड्रोजनसह वेग भागिले ड्युटेरियमसह वेग) साधारण ७ पर्यंत जाऊ शकते. मात्र संक्रमण अवस्थेत हायड्रोजन अगदी सुरुवातीच्या किंवा अगदी शेवटच्या जागी असेल, तर बंध नियंत्रक टप्प्यात तुटत असूनही गुणोत्तर लहान येते.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे प्रयोग कसा केला. हायड्रोजनयुक्त आणि ड्युटेरियमयुक्त पदार्थ दोन वेगळ्या पात्रांत घेऊन प्रत्येकाचा वेग स्वतंत्रपणे मोजला, तर ते गुणोत्तर वेगनियंत्रणाबद्दल बोलते. दोन्ही पदार्थ एकाच पात्रात घालून उत्पादितांतील त्यांचे प्रमाण पाहिले, किंवा एकाच रेणूत दोन्ही बंध ठेवून त्यांची स्पर्धा लावली, तर गुणोत्तर एवढेच सांगते की, ज्या टप्प्यात पुन्हा मागे न फिरता निवड होते त्या टप्प्यात कोणत्या बंधाला पसंती मिळाली. तो टप्पा नियंत्रक टप्प्याच्या पुढेही असू शकतो. स्पर्धेच्या प्रयोगात गुणोत्तर ५ मिळाले आणि स्वतंत्र प्रयोगात १ मिळाले, तर त्यात विसंगती नाही. उलट ती जोडी फार उपयुक्त माहिती देते : बंध तुटतो, परत जुळत नाही, पण वेग त्याच्या आधीच ठरलेला असतो. एकट्या स्पर्धेच्या प्रयोगावरून ‘बंध तुटणे वेगनियंत्रक आहे’ असे जाहीर करणे ही या क्षेत्रातील सर्वांत वारंवार होणारी चूक आहे, आणि परीक्षकांनीही ती सोडून देऊ नये असे मला मनापासून वाटते.

विकरांमध्ये नियंत्रण बंध तुटण्याच्या नंतर असल्याचे उदाहरण आहे. घोड्याच्या यकृतातील अल्कोहोल डिहायड्रोजनेज हे विकर इथेनॉलमधील हायड्रोजन काढून तो सहविकरावर, म्हणजे विकराला साहाय्य करणाऱ्या लहान रेणूवर, ठेवते. कार्बन–हायड्रोजन बंध तुटल्याशिवाय हे शक्यच नाही. तरी संपृक्त इथेनॉलमध्ये ड्युटेरियमचा परिणाम अगदी किरकोळ दिसतो, कारण हायड्रोजन स्वीकारलेले सहविकर विकरापासून सुटून जाण्यास सर्वांत जास्त वेळ लागतो. येथे बंध तोडण्याची क्रिया सुधारून काहीही हाती लागणार नाही. तुमच्या बाबतीतही उत्पादिताची थोडी मात्रा सुरुवातीलाच मिसळून वेग घटतो का, हे पाहावे. उत्पादित सुटण्यापाशी अडथळा असेल तर त्याची चाहूल बहुधा तेथेच लागेल.

प्रश्न : आम्ही संपूर्ण चक्राची ऊर्जा संगणकावर काढली आहे. सर्वांत मोठा अडथळा दुसऱ्या टप्प्यात आहे, आणि त्याच्या आधीचा मध्यस्थ पदार्थ आम्हांला वर्णपटातही दिसला. नियंत्रक टप्पा सापडला असे लिहिण्यास हरकत आहे का?

उत्तर : हरकत आहे, आणि ती का आहे हे आकड्यांतूनच समजेल. एक काल्पनिक चक्र घ्या. मोकळ्या उत्प्रेरकाची ऊर्जा शून्य धरू. पहिली संक्रमण अवस्था ६० किलोज्यूल प्रति मोल, त्यानंतरचा मध्यस्थ उणे ४०, दुसरी संक्रमण अवस्था ४५, दुसरा मध्यस्थ १०, तिसरी संक्रमण अवस्था ७०, आणि अखेरीस उत्पादित सुटून उणे ५०. टप्प्याटप्प्याने अडथळे मोजले तर ते ६०, ८५ आणि ६० येतात. दुसरा टप्पा सर्वांत अवघड दिसतो. परंतु दुसऱ्या मध्यस्थाला पुढे जाण्यासाठी ६० चढायचे आहेत आणि मागे फिरण्यासाठी केवळ ३५. तो बहुतेक वेळा मागेच फिरेल. पहिल्या मध्यस्थापासून तिसऱ्या संक्रमण अवस्थेपर्यंतचे अंतर ११० आहे, आणि चक्राचा वेग त्यावरच ठरतो. ज्या टप्प्याचा स्वतःचा अडथळा ८५ पेक्षा पुष्कळ कमी आहे, तोच येथे नियंत्रक आहे.

सेबास्टियन कोझुच आणि सॅसन शैक यांनी मांडलेली ‘ऊर्जा-विस्तार’ ही संकल्पना हेच सांगते : एक विशिष्ट मध्यस्थ आणि एक विशिष्ट संक्रमण अवस्था मिळून वेग ठरवतात, आणि ती दोघे शेजारी असलीच पाहिजेत असे नाही. चक्र गोलाकार असल्याने नियंत्रक संक्रमण अवस्था मध्यस्थाच्या आधीही येऊ शकते. तशा वेळी त्या दोहोंतील ऊर्जेच्या फरकात एकूण अभिक्रियेची मुक्त ऊर्जाही मिळवावी लागते, हे विसरले की उत्तर चुकते. शिवाय संगणकीय आकड्यांत १० किलोज्यूलची चूक असामान्य नाही, आणि खोलीच्या तापमानाला तेवढ्या चुकीने वेग पन्नासहून अधिक पटींनी बदलतो. म्हणून दोन विस्तारांत १० किलोज्यूलचाच फरक असेल, तर एकाला नियंत्रक ठरवून दुसऱ्याला बाद करू नये.

वर्णपटात दिसलेल्या पदार्थाबद्दलही संयम हवा. जो पदार्थ दिसतो तो साचलेला असतो. तो चक्रावरचाच आहे, याची हमी त्यातून मिळत नाही. रसायनशास्त्रज्ञ जॅक हाल्पर्न यांनी ऱ्होडियमच्या असममित हायड्रोजनीकरणात (दोन आरसाप्रतिमा रूपांपैकी एकच प्रामुख्याने देणाऱ्या अभिक्रियेत) दाखवून दिले की, द्रावणात प्रामुख्याने आढळणारे संकुल, म्हणजे धातू व अभिक्रियाकारक यांचे संयुग, मुख्य उत्पादिताकडे नेत नाही. अत्यल्प प्रमाणात असलेले, कमी स्थिर असे दुसरे संकुल हायड्रोजनशी इतके जलद अभिक्रिया करते की मुख्य उत्पादित त्याच्यापासूनच येते. तुमच्या मध्यस्थाची संहती आणि एकूण वेग काळानुसार एकत्र मोजा, आणि मध्यस्थाच्या मापलेल्या संहतीला त्याच्या पुढच्या वाटचालीच्या गणलेल्या स्थिरांकाने गुणून प्रत्यक्ष वेग मिळतो का ते पाहा. तो स्थिरांक दुसऱ्या टप्प्याच्या अडथळ्यावरून नव्हे, तर त्या मध्यस्थापासून पुढच्या सर्वांत उंच संक्रमण अवस्थेपर्यंतच्या अंतरावरून काढलेला असावा. त्यानंतर प्रत्येक संक्रमण अवस्थेची आणि प्रत्येक मध्यस्थाची ऊर्जा पाळीपाळीने थोडी बदलून, प्रयोगातल्याच संहती आणि तापमान घेऊन, एकूण वेग नव्याने काढा. ज्या एक-दोन आकड्यांनी वेग हलेल, ते लेखात त्यांच्या परिस्थितीसह नोंदवा.